चार्जिंगची खूण

त्या घरात एक कडक नियम होता. झोपायच्या खोलीत काहीही चार्जिंगला लावायचं नाही. काही वर्षांपूर्वी लेकाचा फोन गादीवर चार्ज होता होता तापला आणि चादरीला तळहाताएवढं भोक पडलं. तेव्हापासून घरात जे जे विजेवर जगतं ते सगळं पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर, एका लांबलचक एक्स्टेंशन बोर्डाला. बोर्डाशेजारी एक वेताची टोपली. टोपलीत सगळ्यांच्या केबली आणि अडॅप्टर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडलेले. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने घ्यावं. केबल म्हणजे केबल, असं सूनबाईचं म्हणणं, आणि तिच्या म्हणण्याला कुणी आडवं जात नसे.

नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमाचा त्रास बहुतेक वेळा एकाच माणसाला होतो आणि नियम करताना त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. या घरात ते माणूस म्हणजे लेकाची आई.

बाई बस डेपोत घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, कुठली रद्द झालीय, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं तिच्या तोंडून बाहेर पडायचं. मशीन बंद पडलं तर ती खिडकीत उभी राहून नुसत्या गळ्यावर काम भागवायची. डेपोतले लोक तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे भोंगा. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. घरीही तिचा भोंगा चालूच असे. ती काही गरीब गाय नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लेकाने शर्टाचं बटण चुकवलं तर ते तीन घरं पलीकडे कळत असे.

मग निवृत्तीनंतर एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून गळून पडला. झटका आला होता. जीव वाचला, पाय चालू लागले, उजवा हात लुळा पडला तो पडलाच, आणि जीभ वळेना. डोकं जिथल्या तिथे. एकूण एक शब्द जागेवर, पण बाहेर पडायचा ते नुसता घशातला आवाज. डाव्या हाताने लिहायला गेली तर कागदावरून कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसे. तिचं तिलाही वाचता येत नसे.

उपचार केंद्रातल्या मॅडमनी तिला एक टॅबलेट आणून दिला. वापरायला दिला, कायमचा नव्हे. डाव्या बोटाने अक्षरं दाबायची, मग खालचं हिरवं बटण दाबायचं, की आतली मुलगी ते वाक्य बोलून दाखवायची. मुलीचा आवाज गोड होता, इतका की पहिल्या दिवशी बाईला वाटलं, ही आता साबण विकायला लागणार. त्या आवाजात शिवी दिली तरी आशीर्वाद वाटला असता. पण आवाज होता. कित्येक महिने तोंडाला कुलूप लागलेल्या माणसाला आवाजाची निवड करत बसायची हौस नसते. बाई दिवसभर बोलू लागली. भाजीतलं मीठ, गळका नळ, लेकाचं सुटलेलं पोट, टीव्हीवरच्या बातम्या, कशालाही सोडलं नाही. सूनबाई हसायची. लेक सुरुवातीला हसायचा.

केंद्राने टॅबलेटबरोबर त्याचा स्वतःचा चार्जर दिला होता. मुठीत जेमतेम मावेल असा पांढरा अडॅप्टर आणि आखूड, जाडजूड केबल. टॅबलेट त्याला लावून बाईने आंघोळ आणि जेवण उरकलं की तो चांगला भरलेला असायचा. मग एक दिवस तो चार्जर टोपलीतून दिसेनासा झाला. टॅबलेटच्या वाट्याला आली एक काळी, बारीक, लांबच लांब केबल, जी सूनबाईच्या मान चोळायच्या यंत्राबरोबर आली होती, आणि कुठल्याशा जुन्या फोनचा काड्यापेटीएवढा अडॅप्टर.

तेव्हापासून टॅबलेट रडू लागला. संध्याकाळी बाई तो बोर्डाला लावायची आणि सकाळी पाहावं तर निम्माही भरलेला नाही. दुपारपर्यंत संपायचा. एकदा सकाळीच तिने आतल्या मुलीकडून म्हणवून घेतलं, माझा पांढरा चार्जर कुठे गेला, तर सूनबाई म्हणाली, असेल टोपलीत, केबल म्हणजे केबल. मग ती पॅसेजमध्ये खुर्ची टाकून, केबल लावलेलीच ठेवून बोलायची, तर आकडा वर जायच्या ऐवजी खालीच घसरायचा.

"चार्ज तर होतोय," सूनबाई पडद्याकडे बघून म्हणायची. "ही काय खूण दिसतेय विजेची."

खूण दिसत होती हे खरंच. त्या एवढ्याशा खुणेने बाईला खोटं पाडलं. ती खुणेकडे बोट दाखवायची, मग आकड्याकडे, मग केबलीकडे, आणि सूनबाई प्रेमाने म्हणायची, "आई, जुना झालाय तो. आणि तुम्ही दिवसभर त्यावर असता. जरा कमी बोला म्हणजे पुरेल."

जरा कमी बोला. या तीन शब्दांनी बाईच्या डोक्यात अशी सणक गेली की तिने डावा हात कपाटावर आपटला आणि चपलांची एक जोडी खाली पडली. सूनबाईला वाटलं, आईंचा तोल गेला. तिने धावत येऊन खुर्ची सरळ केली आणि पाणी आणून दिलं. हे तर आणखी वाईट. बोलता न येणाऱ्या माणसाने राग करायचीही सोय नसते. राग आला की लोक पाणी देतात.

बाईची थोरली बहीण दुसऱ्या गावात एकटी राहायची. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आदल्या दिवशी तिचा फोन आला. बहीण जन्माची भित्री. लहानपणी अंधारात मागच्या दारी जायचं असलं तरी धाकटीचा हात धरून जायची. सूनबाईने फोन स्पीकरवर टाकून टॅबलेटजवळ ठेवला. "मला फार भीती वाटतेय गं," बहीण म्हणाली. "तू काहीतरी बोल." बाईने घाईघाईने अक्षरं दाबली. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ताई, घाबरू नकोस." बाईने पुढचं वाक्य लिहायला घेतलं आणि पडदा काळा झाला.

"हॅलो," बहीण म्हणाली. "आहेस का? हॅलो."

बाईने घशातून आवाज काढला. तो ऐकून बहीण आणखीच घाबरली. "काय झालं तिला? रडतेय का ती?" सूनबाईने फोन उचलून काहीतरी समजूत काढली. बाई काळ्या पडद्याकडे बघत बसली. पडद्यात तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, उघडं, आणि त्यातून काही उपयोगाचं निघत नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही. घरच्यांना वाटलं, बहिणीची काळजी लागलीय.

त्यानंतर केंद्रातल्या मॅडम आल्या. आल्या तेव्हा टॅबलेट बंद. मागच्या खेपेलाही त्या आल्या तेव्हा तो बंदच होता. मॅडम वाईट नव्हत्या, पण केंद्राकडे टॅबलेट मोजके आणि गरजवंत पुष्कळ. त्यांनी सूनबाईला विचारलं, "या वापरतात ना रोज?"

सूनबाईने खरं तेच सांगितलं, म्हणजे तिला जेवढं दिसत होतं तेवढं. "हल्ली फारसं नाही वापरत. बराच वेळ बंदच असतो."

बाई मान हलवत राहिली. नाही, नाही, नाही. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दमता का तुम्ही? चालतं हो. सगळ्यांना जमतंच असं नाही. मी पुढच्या आठवड्यात परत येते. तेव्हाही असंच असेल तर मला हा दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल. एक मास्तर कधीपासून वाट बघताहेत."

म्हणजे आता आवाजच जाणार होता. एकदा झटक्याने नेला तो नेला, आता दुसऱ्यांदा एका दळभद्री केबलीपायी जाणार होता. बाईने दातओठ खाल्ले. तेवढंच तिच्या हातात होतं.

लेकाला हे सगळं सूनबाईने रात्रीच्या जेवणात सांगितलं. लेक मोबाइलच्या दुकानात काउंटरवर होता, चांगला मुरलेला. त्याने भाताचा घास घेतला आणि म्हणाला, "जुना आहे तो. बॅटरी गेली असणार. द्यायचाच असेल परत तर देऊन टाकू, आईलाही त्रास नको." आईने त्याच्याकडे पाहिलं. तो ताटात बघत होता.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी लेकाची सुट्टी होती. दुपारी बाई खाटेवर बसून एका हाताने टॉवेलांच्या घड्या घालत होती आणि लेक बाहेर गॅलरीत फोनवर बोलत होता. कुणीतरी गिऱ्हाईक होतं. खिडकी उघडी होती.

"नाही काका, टॅबलेट खराब नाहीये," लेक म्हणत होता. "तुम्ही त्याला अडॅप्टर कुठला लावताय? जुन्या फोनचा, छोटा? मग तिथेच घोळ आहे. टॅबलेटची बॅटरी फोनपेक्षा कितीतरी मोठी असते. तुम्ही हंडा वाटीवाटीने भरताय." मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. "आणि केबल? बारीक? हो, बसते ना, तोंड सारखंच असतं. पण आत तार बारीक असली की वीज पुरेशी पोचत नाही. शिवाय अडॅप्टर आणि टॅबलेट आपसात ठरवतात, किती वीज द्यायची, किती घ्यायची. मध्ये भलतीच केबल आली की त्यांचं काही ठरत नाही, मग तो आपला कमीत कमीवर चालतो. खूण? खूण दिसणारच काका. वीज येतेय एवढंच ती सांगते, किती येतेय ते नाही सांगत. आणि तुम्ही चार्जिंगला लावून वापरत बसलात तर येते त्याहून जास्त जाते, मग आकडा खालीच येणार. त्याचा स्वतःचा चार्जर शोधा, सगळं ठीक होईल. नाही हो, यात त्रास कसला. केव्हाही विचारा."

बाईच्या मांडीवरचा टॉवेल घसरून खाली पडला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते, हे तिला त्या दिवशी नीट कळलं. याला माहीत होतं. अथपासून इतिपर्यंत माहीत होतं. कोण कुठला काका, त्याला हा एवढ्या मायेने, हंडा आणि वाटी करून समजावतो, आणि पॅसेजमध्ये स्वतःच्या आईची वाचा बसली तर भाताचा घास घेऊन म्हणतो, जुना आहे.

तरीही तिने त्याला एक संधी दिली. आईच ती. म्हणाली मनाशी, त्याच्या लक्षात आलं नसेल. दुकानातलं शहाणपण दुकानात ठेवून येत असेल, पुष्कळ पुरुष येतात. तो अंघोळीला गेल्यावर ती उठली आणि टोपली उपसली. पांढरा अडॅप्टर नव्हता. लेकाचा फोन बोर्डाला लावलेला होता, तो त्याच्या स्वतःच्या चार्जरवर. मग तिने खुंटीवरची त्याची दुकानाची पिशवी चाचपली. पुढच्या कप्प्यात काहीतरी जड लागलं. पांढरा अडॅप्टर आणि त्याला गुंडाळलेली जाडजूड केबल.

एवढ्यात न्हाणीघरातलं पाणी थांबलं, तशी तिने घाईने तो काढला आणि टॅबलेटला लावला. मग आपल्या खोलीत येऊन, दार अर्धवट उघडं ठेवून, खाटेवर बसून राहिली.

लेक केस पुसत पॅसेजमध्ये आला. बोर्डाकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पांढरा चार्जर उपटला, केबल नीट गुंडाळली आणि पिशवीत टाकली. काळी बारीक केबल टॅबलेटला खोचली आणि खूण दिसेपर्यंत तिथेच उभा राहिला. खूण दिसल्यावर त्याने टॅबलेटवर हलकेच दोनदा थोपटलं, झोपलेल्या पोराला थोपटतात तसं.

ते थोपटणं बाईला सोसवेना. ती बाहेर आली. टॅबलेट हातात घेतला. जेमतेम जीव आला होता त्यात. तिने दोन अक्षरं दाबली आणि हिरवं बटण.

"का?" आतली मुलगी गोड आवाजात म्हणाली.

लेक दचकला. "काय का?"

बाईने पिशवीकडे बोट केलं.

तो खोटं बोलला असता तर कदाचित बरं झालं असतं. पण तो दमलेला होता, का कोण जाणे, खरं बोलून गेला. आवाज खाली आणून, सूनबाईला ऐकू जाणार नाही असा. "आई, दिवसभर दुकानात लोकांची कटकट ऐकतो गं. घरी आलं की परत ते यंत्र सुरू. हे असं का, ते तसं का. लहानपणापासून ऐकतोय मी. मध्ये ते एक वर्ष घरात किती शांत होतं. तुला काय असं मोठं सांगायचं असतं? हवं नको ते आम्ही बघतोच ना सगळं?"

ते एक वर्ष. ज्या वर्षी ती उशीत तोंड खुपसून घशाने ओरडायची, ते याच्या लेखी शांत वर्ष होतं. ती लिहू लागली. अक्षरं चुकत होती, ती पुसून परत लिहीत होती. निम्मं वाक्य झालं असेल नसेल, टॅबलेट काळा पडला.

लेकाने एक सुस्कारा सोडला. सुटल्याचा होता तो, बाईला तेवढं कळत होतं. "बघ," तो म्हणाला. "जाऊ दे आता. पड जरा."

दुसऱ्या दिवशी पिशवी खुंटीवर नव्हती. लेकाने ती आपल्या खोलीत नेली होती. मॅडम आल्या तेव्हा ती त्याच्या खांद्याला होती, कारण मॅडम गेल्या की त्याला तसंच दुकानात जायचं होतं. टॅबलेट त्याने रात्रीच स्वतः पुसून, खोक्यात घालून तयार ठेवला होता. काय तो साळसूदपणा. सूनबाईने चहा आणला. सगळे समोरच्या खोलीत बसले.

"वापरला का या आठवड्यात?" मॅडमनी बाईलाच विचारलं, आणि खोक्यातून टॅबलेट काढून तिच्या पुढ्यात धरला. पडदा उजळला, त्यावर लाल रेघ दिसली आणि तो विझला.

"बघा ना," लेक म्हणाला. "आम्ही तर लावून लावून थकलो."

बाई उठली. तिला धरायला सूनबाई पुढे झाली, तिचा हात तिने झटकला. ती लेकासमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत हात घातला.

"आई, काय करतेस," लेक म्हणाला आणि त्याने पिशवी मागे ओढली. बाईने सोडली नाही. डावा हात दोन हातांचं काम करून करून चांगला दणकट झाला होता. पिशवीचा पट्टा ताणला गेला, लेक अर्धवट उठला, आणि मॅडम बघताहेत हे ध्यानात आल्यावर त्याला सोडून द्यावं लागलं. पांढरा अडॅप्टर बाहेर आला. मॅडमनी तो लगेच ओळखला. त्यांनीच तर दिला होता.

बाईने तो भिंतीतल्या प्लगला लावला, तिथेच, समोरच्या खोलीत, घराचा नियम धाब्यावर बसवून. टॅबलेट जोडला. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि सगळ्यांना हाताने खूण केली, बसा.

मेलेला टॅबलेट लगेच उठत नाही. सगळे वाट बघत राहिले. चहा निवला. लेक घड्याळाकडे बघून म्हणाला की त्याला उशीर होतोय, आणि मॅडम त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "थांबा थोडं." सूनबाई अडॅप्टरकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, मग परत अडॅप्टरकडे.

पडदा उजळला. आकडा दिसला, बघता बघता वाढला, परत वाढला. मॅडम पुढे वाकून ते पाहत होत्या.

"मग इतके दिवस चार्जर बदललेला होता का?" त्यांनी विचारलं.

"टोपलीत अदलाबदल झाली असेल," लेक घाईने म्हणाला. "घरात केबली एकत्रच असतात. माझंही लक्ष नव्हतं, चूक झाली. आता बघा, झालं ना सुरू. आईचा काही गैरसमज नको." आणि त्याने आईकडे पाहिलं. ती नजर बाईच्या ओळखीची होती. लहानपणी काच फोडून यायचा तेव्हा हीच नजर घेऊन यायचा, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढी ओरडणारी बाई बाहेरच्यांसमोर मात्र म्हणायची, माझ्या हातून फुटली.

बाई लिहू लागली. फार वेळ लिहीत होती. मग तिने आवाज पूर्ण वाढवला आणि हिरवं बटण दाबलं.

"अदलाबदल झाली नाही," मुलगी गोड, स्वच्छ आवाजात म्हणाली. "हा माझा चार्जर काढून पिशवीत ठेवतो. मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला सगळं कळतं. त्याला मी गप्प हवी आहे."

सूनबाईने हातातली बशी खाली ठेवली. लेकाच्या तोंडावरचं रक्त उतरलं आणि परत चढलं.

"आई," तो म्हणाला, "आपण बोललो असतो ना घरातल्या घरात. सगळ्यांसमोर कशाला?"

बाईचं बोट पुन्हा चालू लागलं, या वेळी सावकाश, एकही अक्षर न चुकता.

"सगळ्यांसमोरच," मुलगी म्हणाली. "तुझ्याशी एकटीने बोलायला लागले की टॅबलेट बंद पडतो."